अंगात न आलेली देवी

माझ्या वर्गात नाच शिकायला जितकी माणसं आली, त्याहून जास्त पाठदुखी घेऊन आली. याला कारण मीच. दौंडला रेल्वेच्या वसाहतीजवळ एक हॉल भाड्याने घेऊन मी वर्ग सुरू केला, तेव्हा दारावर पाटी लावली होती : ‘समकालीन नृत्य – शरीराची ओळख’. त्यातला पहिला भाग लोक वाचून सोडून देत. दुसऱ्या भागावरून इथे काहीतरी दवाखान्यासारखं चालत असावं असा त्यांचा समज होई. त्यात मी भिंतीवर हाडांच्या सापळ्याचा तक्ता टांगला होता. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना रिक्षातून घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, “बाई, मणका बसवता का?”

“मी नाच शिकवते.”

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग ह्यो कोण नाचतोय?”

मी त्या आजोबांना आत घेतलं, चटईवर पाठ टेकवून पडायला सांगितलं आणि नुसता श्वास घ्यायला लावला. जाताना ते बरं वाटतंय म्हणाले. तिथून माझं नाव झालं, पण हाडवैद्य म्हणून.

हे नृत्य मी कुठे आणि कसं शिकले ही लांबण लावत नाही. वडील शिरूरला हायस्कुलात शिक्षक होते, घर पुस्तकांनी भरलेलं होतं, मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर काही वर्षं बंगळूरला एका बाईंकडे राहून हे शिकले. लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं, म्हणून दौंड. आठवडाभर दौंडला वर्ग आणि शनिवार-रविवार एस. टी. ने शिरूरला जाऊन तिथला वर्ग, असा माझा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा क्रम होता.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या नाचाला गाणं लागतंच असं नाही. कथा नसते, दागिने नसतात, घुंगरू नसतात. हाताशी असतं ते फक्त शरीर. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक दिवस आम्ही जमिनीवर पडून असतो. पाठीचा कुठला भाग जमिनीला लागतो, कुठला लागत नाही, श्वास आत गेला की बरगड्या कुठवर सरकतात, हे पाहत राहायचं. मग उठायचं, चालायचं, पडायचं. पडणं शिकायला सगळ्यांत वेळ लागतो, कारण लहानपणापासून आपल्याला न पडणंच शिकवलेलं असतं. एका मुलीची आई पहिल्या महिन्यात वर्ग बघायला आली. सगळ्या मुली ओळीने चटयांवर डोळे मिटून पडलेल्या. “झोपायलाच धाडायची तर घरी खाट हाय की,” म्हणाली आणि मुलीला उठवून घेऊन गेली.

शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम आला की मुख्याध्यापक येत. त्यांची मागणी माफक असे : गाणं गाजलेलं हवं, मुलं जास्तीत जास्त हवीत आणि शेवटी झेंडा हवा. रांजणगावच्या एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी एकदा वार्षिक कार्यक्रमासाठी बोलावलं. कारेगावात खोल्या करून राहणारी काही कामगार मुलं सुट्टीच्या दिवशी शिरूरच्या वर्गाला येत असत. त्यांना घेऊन मी शिफ्टवरच्या हालचालींची रचना बसवली. पाय एका जागी रोवलेले, खांदा यंत्राबरोबर वरखाली होतो, मान घड्याळाकडे वळते. माझ्या हातून झालेलं ते चांगलं काम होतं असं मला अजूनही वाटतं. साहेबांनी तालीम शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, हे तर ते रोज फुकट करतात. स्टेजवर काहीतरी वेगळं पायजे ना?”

सुनंदा आली ती यातल्या कशासाठीच आली नाही. निमोणे गावची मुलगी, शिरूरच्या कॉलेजात शिकायला येत होती. काही दिवस ती दाराशी उभी राहून नुसती बघायची. मी विचारलं, काय हवंय? म्हणाली, “काय न्हाई. ह्या पोरी उठायच्या आधी काय करत्यात ते बघतीय.” उठण्याच्या आधी शरीरात काय होतं, हे पाहायला मी मुलींना वर्षवर्ष शिकवत होते. ही दारातून पाहत होती.

घर धनगरांचं. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरलेलं, आता विहीर-पाइपलाइन करून स्थिरावलेलं. वडील लहानपणीच गेले, त्यामुळे चुलते, म्हणजे आप्पा, हे घरचे कर्ते. सुनंदा नाजूक नव्हती. नाचणाऱ्यांनी आपलं वजन लपवावं अशी सगळीकडे अपेक्षा असते. तिचं वजन दिसायचं. ती पाऊल टाकायची तेव्हा खाली जमीन आहे हे बघणाऱ्याला कळायचं. तीन वर्षं ती माझ्याकडे होती. माझ्या बंगळूरच्या बाई पुण्याला शिबिरासाठी आल्या, तेव्हा मी तिला घेऊन गेले. बाईंनी तिला थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हिला माझ्याकडे पाठव, राहण्याजेवण्याचं मी बघते.

आता फक्त आप्पांचा होकार हवा होता. नकार आला तर काय, हेही सुनंदाला माहीत होतं. करमाळ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि त्याच उन्हाळ्यात बार उडणार होता.

आप्पा पांढऱ्या कपड्यातले, कमी बोलणारे गृहस्थ. गावच्या सोसायटीच्या राजकारणात मुरलेले. माझं सगळं बोलणं त्यांनी मान न हलवता ऐकून घेतलं. “न बघता कसं सांगू, बाई? जत्रंला करा गावात. मी बघतो, गाव बघंल. मग बोलू.”

मला हे रास्त वाटलं. जत्रेतलं स्टेज तमाशाच्या सामानाने अडलेलं होतं, म्हणून कुस्त्यांच्या आखाड्यात, कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, आम्हाला वेळ मिळाली. माती उकरून, पाणी मारून मऊ केलेली. पडायला इतकी चांगली जमीन मला शहरातल्या कुठल्याही सभागृहात मिळाली नव्हती. मी खूश होते.

आमची रचना श्वासावर होती. आडवं पडलेलं एक शरीर, त्यात श्वास, श्वासाने माकडहाडाशी सुरू झालेली बारीक थरथर, ती मणक्या-मणक्याने मानेपर्यंत चढते, शरीर उभं राहतं, वाकतं, झुलतं, वेग घेतं आणि शेवटी कोसळतं. संगीत नाही. प्रेक्षकांना तिचा श्वास ऐकू यावा अशी कल्पना होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसालाच जत्रेच्या मैदानात असली कल्पना सुचू शकते.

पुकारणाऱ्याने ‘आधुनिक डान्स’ जाहीर केला. सुनंदा मातीत आडवी झाली. मैदान चुळबुळलं.

“माइक बंद पडला का काय?”

“गाणं लावा की रं!”

“पोरीला चक्कर आली का, बघा कुणीतरी!”

आखाड्याच्या कडेला धनगरांच्या गजी नाचाचे ढोलवाले बसले होते. त्यांचा खेळ नुकताच संपला होता, ढोल अजून गळ्यात होते. त्यातल्या एका वयस्कर माणसाला सुनंदाची दया आली. “लेकरू मुकंच नाचतंय रं. वाजवा,” ते म्हणाले. आणि त्यांनी वाजवलं. मी हात हलवून नको नको म्हणत होते, त्यावरून मला अजून जोरात हवंय अशी त्यांची समजूत झाली.

ते ढोलवाले त्यांच्या कामात तरबेज होते. सुनंदाची थरथर त्यांनी अचूक उचलली. ती वेग घेई तसा ढोल वेग घेई. तिचे केस सुटले. आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून ओरडली, “आलं गं बाई, आलं! पोरीच्या अंगात आलं!”

मग भंडारा उडाला, हळदीकुंकू उडालं, चांगभलं झालं. सुनंदाला मी शिकवलं होतं की बघणाऱ्यांनी काहीही केलं तरी रचना पुरी करायची, मध्ये थांबायचं नाही. ती थांबली नाही. पिवळी होत होत शेवटपर्यंत गेली आणि ठरल्याप्रमाणे कोसळली. अंगातलं वारं उतरलं की माणूस असंच पडतं, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं. आमची रचना त्यांच्या समजुतीला सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठेच आडवी आली नाही. इतकं संपूर्ण रसग्रहण माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

एक मावशी धावत आखाड्यात शिरल्या. त्यांचा मुलगा रांजणगावला कॉन्ट्रॅक्टवर होता. त्यांनी सुनंदाचे पाय धरले. “माय, माझ्या पोराला परमनंट कवा करत्यात?” सुनंदाला धाप लागली होती. तिने पाण्यासाठी हात वर केला.

“व्हय म्हणली! हात केला बघा!”

त्या दिवशीच्या कुस्त्यांना उशीर झाला, कारण पैलवान आधी तिच्या पाया पडत होते.

पुढे थोड्याच दिवसांत त्या मुलाला खरोखरच कायम केलं. कंपनीने त्याच्याबरोबर बऱ्याच जणांना कायम केलं होतं, पण तो तपशील कुणी विचारात घेतला नाही. दर शुक्रवारी आप्पांच्या ओसरीवर बाया जमू लागल्या. सोसायटीच्या निवडणुकीत आप्पांच्या विरुद्ध अर्ज भरायला कुणी पुढे येईना. देवीच्या चुलत्याशी वैर कोण घेणार?

मी निमोण्याला गेले.

“आप्पा, सुनंदाचं काय ठरलं मग?”

“काय ठरायचंय? बघितलं की मी. झ्याक झालं.”

“मग पाठवताय ना?”

“कुठं?”

“बंगळूरला.”

आप्पा मला एखाद्या लहान मुलीकडे बघावं तसं बघत राहिले. “देवीला कुठं बंगळूरला धाडत्यात व्हय, बाई?”

“तो नाच होता, आप्पा. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी बसवलेला.”

“तुमी बसवला आसंल. न्हाई कुठं म्हणतोय? पर त्यात मागनं कोण आलं, ते तुमास्नी कसं कळावं? तुमी तर ढोल बंद करा म्हणत हुता.”

मी जायला उठले.

“आन् करमाळ्याचं स्थळबी परत धाडलंय,” ते म्हणाले. “देवीचं झाड हाय ती, अंगात येतंय तिच्या, आता लगीन काय करायचं? तुमच्या मनाजोगंच झालं की समदं.”

बोलणं खोटं नव्हतं. लग्न टळलं होतं. चार लोकांत केस मोकळे सोडून शरीर हलवायला परवानगी मिळाली होती, कुणी ब्र काढत नव्हतं. सुनंदाला जे जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त ते करणारी ती आहे, एवढं मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

घरामागे राहिलेल्या चार मेंढरांपाशी सुनंदा उभी होती. मी तिला माझी युक्ती सांगितली. पुढच्या शुक्रवारी अंगात आल्यासारखं करायचं आणि देवीच्या तोंडून सांगायचं, मला दक्षिणेला जायचंय, वाट अडवू नका. मी असल्या गोष्टी पुस्तकांत वाचल्या होत्या आणि त्या तिथे यशस्वी होतात.

तिला हसू आलं. “मॅडम, मला अंगात आणता येत न्हाई. शिकवलंच न्हाई तुम्ही.”

“तुला फक्त बोलायचंय.”

“त्या बाया येऊन रडत्यात ना, खऱ्या रडत्यात. वसरीवर मी एकलीच खोटी बसलेली आसती.” मग म्हणाली, “आन् देवी म्हणूनच जायचं, तर मग तिथं जाऊन तरी कोण नाचणार?”

पुढच्या शुक्रवारी तिने मला बोलावलं. ओसरी भरली होती, अंगणातही बाया होत्या. आप्पा खुर्चीवर बसले होते. ढोलवालेही आले होते. सुनंदा बाहेर आली ती वर्गातल्या जुन्या सलवार-कमीजमध्ये, ओढणी कमरेला बांधून, केसांची घट्ट वेणी घालून. “ढोल नको, मामा,” ती म्हणाली.

अंगण सारवलेलं होतं. ती आडवी झाली आणि तिने सगळी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत केली. बायांनी हात जोडले. कोसळून झाल्यावर ती उठली, तांब्यातून पाणी प्याली, ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आता परत करते. समदं तसंच. बघा.”

तिने परत केलं. आणि तसंच केलं. आमच्या धंद्यातली खरी मेहनत इथेच असते. जी थरथर आपोआप होतेय असं वाटतं, तिचा प्रत्येक झटका ठरलेला असतो. मान कधी कलते, बोटं कधी उघडतात, सगळं मोजून घटवलेलं. वारं दोनदा तसंच्या तसं येत नाही. मध्येच ती थांबली, पायाखालचा खडा उचलून बाजूला टाकला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे गेली. तो खडा बघून बायांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

एक जण शेजारणीला म्हणाली, “आता डावा हात बघ.” डावा हात आला.

जत्रेत ओरडलेली म्हातारी पुढे सरकली. “म्हंजी पाठ केलंय व्हय गं तू?”

“व्हय, आज्जी. वरीसभर लागलं.”

“वरीसभर?” म्हातारीला खरंच वाईट वाटलं. “आमच्या ठकूच्या अंगात तर घटकंत येतंय.”

परमनंट झालेल्या मुलाची आई, त्या मावशी, मात्र चिडल्या. “मग माझ्या पोराला कुणी केलं परमनंट?”

“कंपनीनं, मावशी.”

“काय तर बोलती!” म्हणत त्या उठल्या. कंपनीवर भरवसा ठेवायची वेळ आपल्यावर आणली, याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता.

अंगण रिकामं झालं. आप्पा खुर्चीवरून हलले नाहीत. सगळ्या गावादेखत त्यांच्या घरातली देवी गेली होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, “न्या तिला तुमच्या बंगळूरला. हितं तरी आता काय उपेग तिचा?”

असा होकार मिळाला. दौंड स्टेशनवर तिला पोचवायला मी आणि माझे यजमान, दोघंच होतो. गाडी आली तेव्हा ती रडली नाही. उलट फलाटावर उभी राहून तिने एकदा दोन्ही तळपायांवर वजन नीट वाटून घेतलं, ते बघून मीच रडले.

पुढची वर्षं ती खूप चांगली नाचली. मी तीनदा जाऊन पाहिलं. परदेशातही गेली. गावी यायची तेव्हा आप्पा “जेवलीस का?” एवढंच विचारत. नाचाबद्दल चकार शब्द काढत नसत. सोसायटी पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या हातून गेली होती. ते तिच्यामुळे, असं गाव म्हणत असे आणि त्यांनी ते कधी नाकारलं नाही.

गेल्या वर्षी सुनंदा गेली. रक्ताचा आजार होता. शेवटी शेवटी मी तिच्याजवळ होते. तेव्हा ती हाताचं एक बोट उचलायचं की नाही, यावर बराच वेळ घालवत असे. शरीराची ओळख करून देणं हा माझा व्यवसाय. ज्याची ओळख झाली ते शरीरच नाहीसं झाल्यावर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काही महिने मी वर्ग बंद ठेवला. हा लेखसुद्धा संपादकांच्या तगाद्याला दाद न देता मी असा रोज चार ओळी लिहीत आले आहे.

मध्यंतरी आप्पा शिरूरला माझ्या माहेरच्या घरी आले. आता काठी लागते. “बाजारात यायचं हाय तुमी,” एवढंच म्हणाले आणि मला एका सोनाराच्या दुकानात घेऊन गेले. त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर त्या माणसाची म्हणून एक आकृती उठवायची आणि देवघरात ठेवायचा. आकृत्या ठरलेल्या असतात. सोनारांनी ठसे पुढे मांडले. घोडेस्वार होता, जोडपं होतं, देवी होती.

“पोरगी बिनलग्नाची का? मग देवीचाच घ्या, आप्पा. सगळे तोच नेतात.”

“देवी न्हाई ती,” आप्पा म्हणाले. “तिनं सोता सांगितलंय, समद्या गावाम्होरं. नाचणारी पायजे.”

“नाचणारीचा ठसा नाही हो. मुद्दाम घडवावा लागेल.” सोनारांनी कागद-पेन्सिल घेतली. “कशी काढू? एक हात कमरेवर, एक वर?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू लागले, की या नृत्यात अशी उभी राहण्याची एखादी ठरलेली पद्धत नसते, एका हालचालीतून दुसरी निघते, मध्येच कुठे थांबवली तर ती दोन्हीकडची राहत नाही. सोनार सभ्यपणे ऐकत होते. कागद कोराच होता.

आप्पांनी काठी काउंटरला टेकवली. टोपी काढून ठेवली. “हिकडं बघा,” ते सोनारांना म्हणाले आणि दुकानाच्या मधोमध पाय फाकवून उभे राहिले. मग ते कमरेतून पुढे वाकले, गुडघे किंचित मोडले, आणि उजवा हात खांद्यापासून खाली सोडून दिला.

श्वास पहिल्यांदा मानेपर्यंत चढतो आणि शरीर उभं राहून लगेच वाकतं, ती ही जागा होती. आप्पांनी ती आयुष्यात तीनदाच पाहिली होती. एकदा आखाड्यात भंडाऱ्याच्या धुरळ्यातून आणि दोनदा आपल्याच अंगणात, लागोपाठ. हात बरोबर होता. पायांतलं अंतर बरोबर होतं. मान मात्र ताठ होती. वाकलेल्या अवस्थेतही ते सोनारांकडे बघत होते.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती मागे सरकली. मी माझ्याही नकळत पुढे झाले.

“मान सोडा, आप्पा.”

“आशी?”

“अजून,” मी म्हणाले.

त्यांनी सोडली, आणि सोनारांचं काढून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.